क्वेनिबरोतले पाच मृत्यू आणि खाटकाचा ठोकळा

इंग्लंडच्या ऐन मध्यावर, लेस्टर शहराच्या ईशान्येला, क्वेनिबरो नावाचं गाव आहे. वस्ती जेमतेम दोन-अडीच हजार. उंच निमुळत्या मनोऱ्याचं सेंट मेरी चर्च, भोवती गुरांची कुरणं आणि पंचक्रोशीत बापजाद्यांपासून चालत आलेली खाटकांची दुकानं. १९९८ मध्ये काही आठवड्यांच्या अंतरानं या गावाशी नातं असलेली तीन माणसं दगावली. २००० साल संपेपर्यंत आणखी दोन गेली. पाचही जणांना एकच आजार होता: व्हेरियंट क्रॉइट्झफेल्ट-याकोब, थोडक्यात व्ही-सीजेडी. वेड्या गाईच्या रोगाचं माणसातलं रूप.

तोवर अख्ख्या ब्रिटनमध्ये या आजाराचे रुग्ण शंभराच्या आत होते. जवळपास सहा कोटींच्या देशात एवढेच रुग्ण, आणि त्यातले पाच एका गावात नि त्याच्या आसपास. योगायोग म्हणून हे सोडून देणं कुणालाच शक्य नव्हतं.

मी पशुवैद्यक शिकणाऱ्या मुलांना सार्वजनिक आरोग्य शिकवते. वेड्या गाईचा रोग म्हटलं की सगळे मोठ्या गोष्टीकडे धावतात. लाखभर गाई, मंत्र्यांची निवेदनं, युरोपनं घातलेली बंदी. मी मात्र दर वर्षी हे एक गाव निवडते. गाईच्या मेंदूतला रोग माणसाच्या ताटात कुठल्या हातांनी आणि कुठल्या सुऱ्यानं आला असेल, हा माग याच ठिकाणी दुकानाच्या मागच्या खोलीपर्यंत काढला गेला.

आधी आजाराविषयी

आपल्या सगळ्यांच्या मेंदूत, आणि गाईच्या, मेंढीच्याही, प्रिऑन नावाचं एक प्रथिन असतं. ते निरुपद्रवी असतं. पण याच प्रथिनाची घडी चुकली की चुकलेली घडी शेजारच्या चांगल्या प्रथिनाला लागते, त्याची पुढच्याला. विरजणाचा एक थेंब पातेलंभर दूध बदलतो तसं. फरक एवढाच, की विरजणात जिवंत जंतू असतात आणि इथे जिवंत असं काहीच नाही. जंतू नाही, विषाणू नाही, डीएनए नाही. म्हणून ते मरतही नाही. घरातल्या उकळीनं नाही, फॉर्मॅलिननं नाही, अतिनील किरणांनीही नाही. स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये या प्रथिनाला ‘प्रिऑन’ हे नाव दिलं तेव्हा बऱ्याच शास्त्रज्ञांनी अविश्वासानं मान हलवली होती. १९९७ मध्ये त्याच कामासाठी त्यांना नोबेल मिळालं.

या कुळातला मेंढ्यांचा रोग, स्क्रेपी, ब्रिटनमध्ये अठराव्या शतकापासून माहीत आहे. मेंढी अंग खांबाला घासत राहते, लोकर झडते, पाय लटपटतात. पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांत कुरू नावाचा असाच रोग होता. घरातल्या मृताचा मेंदू खाण्याच्या अंत्यविधीतून तो पसरला. १९५९ मध्ये विल्यम हॅडलो या पशुवैद्यकानं कुरूग्रस्त मेंदूची चित्रं पाहिली आणि ती स्क्रेपीच्या मेंदूसारखी दिसतात हे सर्वांत आधी त्यानंच लिहिलं. माणसाच्या आणि मेंढीच्या रोगाचं नातं एका गुरांच्या डॉक्टरला दिसलं, हे मी वर्गात मुद्दाम सांगते. आमच्या मुलांना आपला विषय दुय्यम वाटतो, तो तसा नाही.

माणसातला नेहमीचा सीजेडी जगभर सापडतो, दर दहा लाखांत वर्षाला साधारण एक. तो उतारवयात, साठी उलटल्यावर येतो आणि चार-सहा महिन्यांत माणूस नेतो. व्ही-सीजेडीचं तसं नाही. रुग्ण विशी-तिशीतले. सुरुवातीला मुलगी गप्प गप्प राहते, उगाच रडते, पायांत न सांगता येणाऱ्या कळा येतात. घरच्यांना वाटतं परीक्षेचा ताण, प्रेमभंग, नोकरीची काळजी. मानसोपचारतज्ज्ञ गोळ्या देतात. काही महिन्यांनी तोल जायला लागतो, हातापायांना झटके येतात, आठवण जाते, शेवटी बोलणं थांबतं. सुरुवातीपासून मृत्यूपर्यंत साधारण वर्ष-सव्वा वर्ष. त्या घरातल्या आईबापांनी हे वर्ष कसं काढलं असेल, याचा विचार मनात आला की मला पुढची आकडेवारी फळ्यावर लिहायला जरा वेळ लागतो.

गाई कशा आजारी पडल्या

डिसेंबर १९८४ मध्ये वेस्ट ससेक्समधल्या पिटशॅम फार्मवर डेव्हिड बी या पशुवैद्यकाला बोलावणं आलं. १३३ क्रमांकाची गाय पाठीला कमान काढून उभी राहत होती, वाळत चालली होती. पुढं तिचं डोकं थरथरायला लागलं, पाय एकमेकांत अडकायला लागले. फेब्रुवारी १९८५ मध्ये ती मेली. त्याच गोठ्यातल्या आणखी गाई त्याच वाटेनं गेल्या. त्यातल्या एकीचा मेंदू सप्टेंबरमध्ये वेब्रिजच्या सरकारी प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली आला, तेव्हा त्यात स्पंजासारखी भोकं दिसली. पण हा नवा रोग आहे, हे त्या प्रयोगशाळेनं औपचारिकपणे ओळखलं ते नोव्हेंबर १९८६ मध्ये.

१९८७ मध्ये वेब्रिजचे साथरोगतज्ज्ञ जॉन वाइल्स्मिथ यांनी गोठ्यागोठ्यातली माहिती जमवली. औषधं, लसी, कीटकनाशकं, मेंढ्यांचा शेजार, सगळं पडताळलं. वर्ष संपता संपता एकच धागा उरला: खुराक. खुराकात मांस-हाडांची भुकटी होती. आपल्याकडे गुलाबाच्या कुंडीत बोनमील घालतात, ते याच जातीचं. कत्तलखान्यात उरलेली हाडं, आतडी, डोकी, कणे शिजवून चरबी वेगळी करायची, उरलेला चोथा वाळवून दळायचा आणि प्रथिन म्हणून गाईच्याच खुराकात मिसळायचा.

आपल्या शेतकऱ्याला हे ऐकून धक्का बसतो. त्याच्या आंबोणात सरकी पेंड, शेंगदाणा पेंड, तुरीची चुनी असते. पण ब्रिटनमध्ये सोयाबीन बाहेरून आणावं लागे, ते महाग पडे. कत्तलखान्याचा टाकाऊ माल घरचाच होता आणि ही प्रथा काही दशकं जुनी होती, कुणी चोरून करत नव्हतं. एका आजारी जनावराचा मेंदू भुकटीतून शेकडो वासरांपर्यंत गेला, त्यातली काही आजारी पडायच्या आतच कापली गेली, त्यांचे मेंदू पुन्हा भुकटीत. हे चाक पाच-सहा वर्षं कुणाला न दिसता फिरत होतं. या रोगाला गाईच्या अंगात मुरायला सरासरी पाचेक वर्षं लागतात.

१८ जुलै १९८८ पासून रवंथ करणाऱ्या जनावरांना ही भुकटी घालायला बंदी आली. नोव्हेंबर १९८९ मध्ये गाईचा मेंदू, मज्जारज्जू, प्लीहा, टॉन्सिल, आतडी माणसाच्या खाण्यातून काढून टाकायचा नियम झाला. तरीही १९९२ या एका वर्षात छत्तीस हजारांहून जास्त गाई रोगी निघाल्या. एकूण आकडा एक लाख ऐंशी हजारांच्या पुढे गेला. त्यात बंदीनंतर जन्मलेली चाळीस हजारांहून जास्त जनावरं होती. डुकरं आणि कोंबड्यांच्या खाद्यात भुकटी चालू होती, आणि गिरणीतलं यंत्र दोन्हींसाठी तेच. आधीच्या घाण्यात उरलेली भुकटी पुढच्या पोत्यात जायची. मिऱ्याच्या दाण्याएवढा रोगी मेंदू एका गाईला पुरतो, हे कळायला उशीर झाला.

माणसांना धोका नाही, हा धीर त्या काळात पुन्हा पुन्हा दिला गेला. सर रिचर्ड साउथवुड यांच्या समितीनं फेब्रुवारी १९८९ च्या अहवालात माणसाच्या आरोग्यावर परिणाम होण्याची शक्यता फारच कमी असल्याचं म्हटलं, आणि लगेच पुढच्या वाक्यात हेही लिहिलं, की हा अंदाज चुकला तर परिणाम अत्यंत गंभीर होतील. पहिलं वाक्य सगळ्यांनी उचललं. दुसरं कागदावर राहिलं. २० मार्च १९९६ रोजी आरोग्यमंत्री स्टीफन डॉरेल यांनी संसदेत सांगितलं, की दहा तरुण रुग्णांत सीजेडीचा नवा प्रकार आढळला आहे आणि त्याचं सर्वांत संभाव्य कारण गाईचा रोग हेच आहे.

इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना माहीत असते. क्वेनिबरोचा प्रश्न याच्या पुढचा आहे. ब्रिटनमधल्या कोट्यवधी लोकांनी त्या वर्षांत बीफ खाल्लं. मग आजार याच गावात का एकवटला?

चौकशी

जुलै २००० मध्ये लेस्टरशायरच्या आरोग्य यंत्रणेनं चौकशी हाती घेतली. डॉ. फिलिप मंक आणि डॉ. गेरी ब्रायंट यांनी तिचं नेतृत्व केलं. काम अवघड होतं, आणि ते का अवघड होतं हे नीट समजून घ्यायला हवं.

अन्नातून विषबाधा झाली की आम्ही काय विचारतो? काल रात्री काय खाल्लंत. लग्नातली बासुंदी की वांग्याची भाजी? माणूस जिवंत असतो, जेवण ताजं असतं, उरलेलं अन्न प्रयोगशाळेत पाठवता येतं. इथे यातलं काहीच नव्हतं. खाणारी माणसं गेलेली. जेवण दहा-पंधरा-वीस वर्षांपूर्वीचं. विचारायचं कुणाला, तर आईवडलांना, भावंडांना, जोडीदाराला. आणि विचारायचं काय, तर तुमचा मुलगा सात वर्षांचा असताना रविवारच्या जेवणात काय असायचं, मांस कुठून आणायचात, शाळेत काय मिळायचं, बाळ असताना त्याला कुठला डबाबंद आहार दिला होता, दात कधी काढला, टाके कधी पडले.

माझ्या वर्गात एकदा एका मुलानं विचारलं होतं, “मॅडम, माझ्या आईला माझ्या पहिलीतला डबाही आठवत नाही. यांना कसं आठवलं?” प्रश्न रास्त आहे. म्हणूनच तपास करणाऱ्यांनी तुलनेसाठी त्याच भागातली, तशाच वयाची निरोगी माणसं निवडली आणि त्यांच्याही घरच्यांना तेच प्रश्न विचारले. आठवण दोन्हीकडे सारखीच पुसट, मग फरक दिसला तर त्याला काही अर्थ.

शाळेच्या जेवणावर बऱ्याच जणांचा संशय होता. तो टिकला नाही. बाळांचा डबाबंद आहार टिकला नाही. शस्त्रक्रिया, रक्त, दातांचे उपचार, व्यवसाय, यातलं काहीच पाचही जणांना जोडेना. बीफ खाल्लं होतं सगळ्यांनीच, पण ते निरोगी माणसांनीही खाल्लं होतं. ‘काय खाल्लं’ हा प्रश्न इथे भिंतीला टेकला.

मग प्रश्न बदलला. मांस कुठून आणत होता, हे उत्तर हातात होतं. त्यावरून तपास दुकानांकडे, दुकानांवरून छोट्या कत्तलखान्यांकडे, तिथून गुरं पाळणाऱ्यांकडे उलटा चालत गेला. १९८० च्या आसपास तुम्ही जनावर नेमकं कसं कापत होता, हे खाटकांना विचारलं गेलं. माझ्या मते या प्रकरणातलं सगळं शहाणपण या एका वळणात आहे.

मागच्या खोलीत

त्या भागातले काही खाटीक जनावर स्वतः कापत, काही जवळच्या छोट्या कत्तलखान्यातून घेत. कत्तलीची रीत अशी: जनावराच्या कपाळावर खिळ्याचं पिस्तूल टेकवायचं. खिळा कवटी फोडून आत जातो, जनावर बेशुद्ध पडतं. बेशुद्ध जनावरही पाय झाडतं, आणि पाचशे-सहाशे किलोच्या जनावराची लाथ माणसाला लोळवू शकते. म्हणून कपाळाच्या त्याच भोकातून एक लांब लवचीक सळई आत घालून मेंदू आणि मज्जारज्जूचा वरचा भाग ढवळायचा, म्हणजे पाय शांत होतात. कामगाराच्या जिवासाठीच केलेली ही सोय होती. पण सळई बाहेर येताना तिच्यावर मेंदूचे कण असतात, भोकातून मेंदू पाझरतो, आणि तेच हात, तोच एप्रन पुढच्या धडाला लागतो.

त्यानंतर डोकं. काही खाटीक डोकं सुऱ्यानं दुभंगत आणि भेजा काढत, गिऱ्हाईक मागतं म्हणून. तेव्हा तो विकायला कसलीच बंदी नव्हती. भेजा हा अवयव हाताळायला अवघड आहे. मेंदूवरचं पातळ आवरण फाटलं की आतला मऊ गर सुऱ्याला, ठोकळ्याला, बोटांना चिकटतो. आमच्या शवविच्छेदनाच्या टेबलावर नवीन मूल पहिल्यांदा कवटी उघडतं तेव्हा हमखास हेच होतं, आणि चिमट्यानं उचलायला गेलं तर तो आणखी पसरतो. मग त्याच ठोकळ्यावर, त्याच सुऱ्यानं, रविवारच्या भाजण्याचा मोठा तुकडा कापला जायचा.

आणि धड. मोठ्या कत्तलखान्यात धडावर पाण्याचा जोरदार फवारा मारतात. छोट्या ठिकाणी ते फडक्यानं पुसून घेत, कारण ओलं मांस लवकर खराब होतं असा त्यांचा अनुभव. पुसण्यानं रक्त जातं, धड स्वच्छ दिसतं. पण फडकं एका धडावरून दुसऱ्या धडावर जातं.

आता या खाटकाच्या दुकानात येणारं जनावर बघा. त्या भागात बीफसाठी दुभत्या जातींच्या गाईंची संकरित वासरं पाळत. खास मांसासाठी पाळलेल्या जातीचं वासरू आईला महिनोन्‌महिने पितं, त्याला खुराकाची फारशी गरज नसते. दुभत्या गाईचं वासरू जन्मल्यावर काही दिवसांतच आईपासून तोडतात, कारण दूध विकायचं असतं. मग त्याला भुकटीचं दूध आणि प्रथिनयुक्त खुराक. ज्या वयात आतडं सगळ्यात कोवळं असतं, त्याच वयात पोटात मांस-हाडांची भुकटी. शिवाय ही जनावरं इथे तीनेक वर्षांची होईपर्यंत ठेवत. वय जितकं जास्त, तितकं मेंदूत प्रिऑन साठण्याची शक्यता जास्त. १९९६ नंतर तीस महिन्यांवरचं जनावर अन्नसाखळीतून बाद करण्याचा नियम याच हिशेबावर उभा होता.

सुपरमार्केटचं मांस मोठ्या कत्तलखान्यातून येई. जनावर बहुधा कमी वयाचं, डोकं दुकानापर्यंत पोचतच नसे, धड पाण्यानं धुतलेलं. गावच्या ओळखीच्या खाटकाकडचं मांस मात्र ताजं, आपल्याच शिवारातलं, नजरेसमोर कापलेलं. आपणही असंच मानतो ना? गावातलं ते चोख, पाकीटबंद ते संशयास्पद. क्वेनिबरोच्या आयांनी मुलांसाठी चांगलं म्हणून तेच निवडलं होतं.

निष्कर्ष आणि त्याचा दुबळेपणा

मार्च २००१ मध्ये निष्कर्ष आधी मृतांच्या कुटुंबांना आणि मग गावाला सांगितला गेला. आजारी पडलेल्यांच्या घरी, जिथे मेंदूचे कण मांसाला लागण्याची शक्यता होती अशा खाटकाकडून बीफ आणलं गेलं असण्याची शक्यता तुलनेतल्या घरांपेक्षा पंधरा पट होती. खाल्ल्यापासून आजार उमटेपर्यंत दहा ते सोळा वर्षं गेली असावीत, असा अंदाज निघाला.

हा दुसरा आकडा मला जास्त छळतो. त्याचा हिशेब मांडला तर संसर्ग १९८० च्या दशकात जातो. म्हणजे काहींच्या बाबतीत कदाचित पिटशॅम फार्मवरची १३३ क्रमांकाची गाय कमान काढून उभी राहण्याच्याही आधी. लेस्टरशायरच्या कुरणांत तेव्हा रोगी गाई चरत होत्या, निरोगी दिसत होत्या, कापल्या जात होत्या, आणि या रोगाला अजून नावही नव्हतं. १९८९ ची मेंदूबंदी वेळेत, कडकपणे, एकही चूक न होता पाळली असती तरी या पाच जणांसाठी तिला उशीरच झाला असता. सरकारच्या दिरंगाईवर मी स्वतः खूप बोलते. या रोगावर सरकारनं नेमलेल्या लॉर्ड फिलिप्स यांच्या चौकशीनं ऑक्टोबर २००० मध्ये सोळा खंडांत ती मांडलीही आहे: १९८७ च्या पूर्वार्धात माहिती दाबून ठेवली गेली, धोक्यापेक्षा लोक घाबरतील याचीच चिंता जास्त केली गेली. पण क्वेनिबरोच्या बाबतीत तो राग नेमका लागू पडत नाही, हे मान्य करायला हवं.

आता दुबळेपणा. पाच रुग्ण म्हणजे संख्याशास्त्राच्या दृष्टीनं जवळपास काहीच नाही. पंधरा पट हा आकडा ठसठशीत दिसतो, पण खरा आकडा ज्यात असू शकतो तो पल्ला दीडपटीच्या आसपासपासून शंभराहून जास्त पटींपर्यंत पसरलेला होता. आठवणींवर आधारलेली माहिती, तीही ज्यांच्या घरात मृत्यू झालाय त्यांची. शोकात माणूस जास्त खोदून आठवतो. शिवाय अशी डोकी फोडणारे खाटीक इंग्लंडमध्ये इतरत्रही होते, मग तिथे असे घोळके का दिसले नाहीत? तपास करणाऱ्यांनीही ‘सिद्ध झालं’ असं म्हटलं नाही, ‘पटण्याजोगं स्पष्टीकरण’ म्हटलं. मीही तेवढंच म्हणते. पण हे स्पष्टीकरण गोठ्यापासून ठोकळ्यापर्यंत प्रत्येक पायरीवर जुळतं, आणि दुसरं कुठलंही तिथवर पोचलं नाही.

आणखी एक अट सगळ्यांना लागू होती. प्रिऑन प्रथिनाच्या जनुकात १२९ व्या जागी काय आहे, यावर बरंच ठरतं. व्ही-सीजेडीच्या ज्या रुग्णांची ही तपासणी झाली ते जवळजवळ सगळे एकाच प्रकारचे निघाले, जनुकाच्या दोन्ही प्रतींत (आईकडून एक, बापाकडून एक) त्या जागी मेथिओनीन हे अमिनो आम्ल असलेले. ब्रिटनच्या लोकसंख्येत असे साधारण चाळीस टक्के. म्हणजे एकाच ठोकळ्यावरचं मांस खाऊन शेजारचा वाचला, तो अंशतः जन्मानंच वाचला.

खाटकांवर दोष ठेवला गेला नाही. त्यांनी केलं ते तेव्हा कायदेशीर होतं, त्यांच्या बापानं शिकवलेलं होतं, आणि त्यांच्या घरच्यांनीही तेच मांस खाल्लं होतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. एखाद्या छोट्या गावात ‘अमक्याच्या दुकानामुळे माझं पोर गेलं’ असं कागदावर आलं असतं तर तपासाला पुढे कुणी तोंड उघडलं नसतं. मेंदू ढवळायची ती सळई युरोपात २००१ मध्ये बंद झाली.

नंतर

ब्रिटनमध्ये व्ही-सीजेडीनं एकूण १७८ बळी घेतले. २००० हे सगळ्यात वाईट वर्ष, त्यात २८ जण गेले. लाखोंच्या साथीची भीती होती, ती खरी ठरली नाही. पण साठवून ठेवलेल्या बत्तीस हजारांवर अपेंडिक्सची तपासणी झाली तेव्हा सोळांत बिघडलेलं प्रिऑन सापडलं, म्हणजे दर दोन हजारांत एक. ही माणसं आजारी नव्हती. आणि २०१६ मध्ये एक रुग्ण गेला, ज्याचा १२९ वा जनुकप्रकार मिश्र होता, म्हणजे आतापर्यंत सुटलेल्या गटातला. त्या गटात आजाराला मुरायला आणखी जास्त वर्षं लागत असतील, तर गोष्ट अजून चालू आहे.

भारतात गाईचा हा रोग सापडलेला नाही. जागतिक पशुआरोग्य संघटनेनं आपल्याला ‘नगण्य धोका’ गटात ठेवलं आहे. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांतही दूध आणि मांस देणाऱ्या जनावरांना, कोंबड्या, डुकरं आणि मासे वगळता, मांस-हाडांची भुकटी घालायला मनाई आहे. त्या ‘वगळता’पाशी मी वर्गात थांबते आणि १९८८ च्या ब्रिटिश गिरणीतलं ते एकच यंत्र फळ्यावर काढते.

मराठी घरांना या रोगाचा स्पर्श झाला तो वेगळ्याच वाटेनं. रक्तातूनही हा आजार जातो. ब्रिटनमध्ये रक्त चढवल्यानंतर संसर्ग झाल्याची चार उदाहरणं नोंदली गेली. म्हणून १९८० ते १९९६ या काळात ब्रिटनमध्ये ठरावीक महिन्यांहून जास्त राहिलेल्यांचं रक्त अमेरिका, ऑस्ट्रेलियासारखे देश घेत नव्हते. तिकडे शिकायला, नोकरीला गेलेल्या आणि मग पुढच्या देशात स्थायिक झालेल्या आपल्या कितीतरी डॉक्टर-इंजिनिअरांना दानाच्या खुर्चीवरून उठवलं गेलं. माझी मावसबहीण त्यातली. १९८९ पासून चार वर्षं ती इंग्लंडात होती, नंतर सिडनीला गेली. ती जन्मात कधी बीफ जेवलेली नाही. ते सांगून काही उपयोग नव्हता, अर्जात राहिल्याचे महिनेच विचारत. पुण्यात असताना दर वाढदिवसाला रक्त देणारी बाई, तिला तिथे दर वर्षी नाही म्हणून परत यावं लागे, आणि दर वर्षी ती फोनवर मला तोच प्रश्न विचारी: “अगं, माझ्या डोक्यात काही असेल का गं?”

ऑस्ट्रेलियानं ही अट जुलै २०२२ मध्ये काढली. त्याच हिवाळ्यात, म्हणजे आपल्या पावसाळ्यात, तिनं फोटो पाठवला. दंडाला पट्टी, हातात बिस्किटाचा पुडा. खाली लिहिलं होतं, “घेतलं बरं का!”